बंद दाराची येळवस

मार्गशीर्ष सरत आला की माझा पाय घरात ठरत नाही. यंदा तर जास्तच. श्रावणात पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच थबकली. शाळा सुटल्यावर मी मुदखेडच्या स्टेशनापर्यंत उगीच चालत जाते आणि उगीच परत येते. घरात शिरलं की टेबलावरची ती सोळा पानं दिसतात आणि पुन्हा चप्पल पायात घालावीशी वाटते. कुणाचा राग कुणावर काढतेय, माझं मलाच कळत नाही. काल भाजीवाल्या मावशीशी मेथीच्या जुडीवरून भांडले. मेथी चांगली होती.

ती पानं माझ्या कथेची आहेत. एका मासिकानं ती छापायला घेतलीय. शेवटचा हात फिरवायला संपादकांनी पानं पाठवली, आणि मी ती अडवून बसलेय. त्यातला एक प्रसंग खोटा आहे. वाईट नाही, खोटा. आणि पंचाईत अशी की कथेत तोच सगळ्यात चांगला उतरलाय.

प्रसंग येळवसचा आहे. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडं तिचं केवढं प्रस्थ, ते इकडं सांगून पटत नाही. त्या दिवशी अख्खं गाव रानात असतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, बायकांनी डोक्यावर आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, घेऊन यायचं, आणि मग उंडे, भज्जी, खिचडा, जेवढं पोटात मावेल तेवढं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं बोलवायचं, ही त्यातली रीत. आम्हाला शेत नव्हतं. त्यामुळं आमच्या घरी येळवस म्हणजे बोलावणं.

बोलावणं यायचं रुक्मिणकाकूंकडून. मुरुड आमचं गाव, तिथल्याच शिवाराला त्यांचं शेत. काका आणि माझे बाबा शाळेत एका बाकावरचे. आम्ही बौद्ध. धर्मांतराच्या वेळी आजोबांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते, त्यामुळं बाबा पांडवांपुढं हात जोडायचे नाहीत, आणि काकाही जोडा म्हणायचे नाहीत. पूजा चालू असेपर्यंत बाबा बांधावर बिडी ओढत उभे. पंगत बसली की काका ओरडायचे, "या हो साहेब, देव जेवले, आता मान्सं जेवू!" सुरुवातीला आमची पंगत जरा अलीकडं बसायची, असं माय सांगायची. मला कळायला लागल्यापासून मात्र बाबांचं पान काकांच्या पानाशेजारीच असायचं. मला त्या दिवसाचा वास अजून येतो. आंबट ताक, ओवा, हरभऱ्याचा पाला, आणि वाऱ्यावर सुटलेला काकूंच्या डोक्यातल्या तेलाचा वास.

बाबा शिपाई होते. लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यांची बदली नव्या कचेरीत झाली. काय तो त्यांचा रुबाब! कचेरीत टेबलं कमी, माणसं जास्त, कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं, त्यावर काट मारून हातानं "लातूर" लिहायचं. बाबा घरी येऊन सांगायचे, "आज दोनशे कागदांचा जिल्हा बदलला." माझ्या वह्यांवरचाही जिल्हा त्यांनीच बदलून दिला. आणि जिल्ह्याचं नवेपण सरायच्या आत पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं.

दुष्काळाचं माझं खरं सांगू का? मला त्यात उपाशी राहावं लागलं नाही. लोकांना वाटतं, ही त्या वस्तीतली, हिनं काय काय सोसलं असेल. अहो, आमच्या घरी पगार होता! भाकरी रेशनच्या मिलो ज्वारीची असायची, लालभडक, चिवट, पण असायची. हाल झाले ते ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचे. काकूंच्या रानात तर इतक्या रुंद भेगा पडल्या होत्या की माझी चप्पल एकीत गेली ती हात घालूनही निघाली नाही. बारा वर्षांच्या पोरीला हे उलटंपालटं कळत नव्हतं, पण टोचत होतं. दर वर्षी आम्हाला वाढणारे हात रिकामे आणि आमच्या ताटात भाकरी. मी भाकरी खाताना दाराकडं पाठ करून बसायचे.

दुष्काळाच्या दुसऱ्या हिवाळ्यातल्या दोन गोष्टी मी वर्षानुवर्षं उराशी धरून ठेवल्या.

पहिली अशी. शाळेच्या वाटेवर दुष्काळी काम चालू होतं. बायका रांगेनं बसून खडी फोडत होत्या. त्या रांगेत एक बाई तोंडावरून पदर घट्ट ओढून बसली होती. हातावरच्या गोंदणावरून मी ओळखलं, काकू! मी थांबले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घालून हातोडा मारायला लागल्या. ओळख दिली नाही. एवढ्या शेताची मालकीण, खडीवर! लाज वाटली असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि तिथून पळाले.

दुसरी त्यानंतर पंधराएक दिवसांची. येळवस आली. मायनं सकाळी चूल पेटवली नाही, कारण येळवसला घरी कोण रांधतं? आम्ही अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून बसलो. मी माझा फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घातला होता. नऊ वाजले, अकरा वाजले. दर वर्षी काकूंचा दीर सायकलवरून हाक मारत यायचा, तो आला नाही. गल्ली ओस होती. पण दुष्काळात गल्ली ओसच असायची, माणसं खडीवर गेलेली असायची. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. मग बाबा उठले, खुंटीवरची टोपी काढून पुन्हा खुंटीलाच लावली आणि म्हणाले, "औंदा कुनी येळवस केलीच नसंल. रानात हायच काय?" मायनं चूल पेटवून पिठलं टाकलं. मी फ्रॉक बदलला नाही. तसाच घालून पिठलं खाल्लं.

बाबांचं ते वाक्य मी खरं मानलं. मानायलाच हवं होतं, नाहीतर दुसरा अर्थ फार वाईट निघत होता.

पुढं शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन नांदेड जिल्ह्यात आले, लिहायला लागले. आणि लिहायला लागले तशी एकच सूचना चहूकडून यायला लागली. तुमचं लिहा. तुमचे अनुभव लिहा. एका कार्यक्रमात एक गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाले, "तुमच्याकडं केवढा खजिना आहे, मॅडम!" मी म्हटलं, "कशाचा?" तर म्हणाले, "दुःखाचा." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, घेऊन जा की थोडा पिशवीत भरून. त्यांना वाटतं, आपण सगळ्यांबद्दल लिहावं, राजाबद्दल, समुद्राबद्दल, परदेशातल्या बाईबद्दल. आम्ही मात्र आमच्या गल्लीबाहेर पाऊल टाकायचं नाही. का म्हणून? जे आपण नाही तेच होऊन बघावं, यासाठी तर गोष्ट लिहायची. नाहीतर अर्ज लिहिलेला काय वाईट?

तशी मला दुसऱ्या बाजूचीही चांगली ओळख आहे. आमच्याबद्दल लिहिणारे कमी नाहीत. एका कथेत आमच्यासारख्याच वस्तीतली बाई पाऊस पडावा म्हणून मरीआईला नारळ बोलत होती. मी ती कथा मायला वाचून दाखवली. माय शेंगा फोडत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "ही बाई कुठली म्हनायची?" मी म्हटलं, "आपलीच की." माय म्हणाली, "मग हिच्या सासऱ्यानं देव नदीत सोडले नसतील." आणि फोडायला लागली पुढच्या शेंगा. लेखकाला आमचं दुःख कळलं होतं म्हणे, पण आमच्या घरात देव नाहीत हे कळलं नव्हतं. मी त्याच्यावर महिनाभर जळत होते.

एवढं सगळं माहीत असून मी काकूंची गोष्ट लिहायला घेतली. नाव बदललं, गाव बदललं, तरी बाई त्याच. शेत असलेली, सणाला चाळीस माणसं जेवू घालणारी, दुष्काळात तोंडावर पदर घेऊन खडीवर बसलेली. आणि येळवसच्या दिवशी ती रानात जात नाही. दार लावून खिडकीशी बसते. बाहेर कुणी फुकट हाक मारून जातं, ती ओ देत नाही. सणाच्या दिवशी कुणाला वाढायला काही नाही, या लाजेनं ती दिवसभर त्या बंद दाराआड बसून राहते. संपादकांचा फोन आला, "तो बंद दाराचा प्रसंग, मॅडम, वा! काळीज हललं." मी त्या दिवशी वर्गातल्या सगळ्या पोरांना पेढे दिले.

पण पेढे खाऊन झाल्यावर माय डोक्यात आली. शेंगा फोडत. ही बाई कुठली म्हनायची? माय तर आता हयात नाही, पण काकू आहेत. म्हटलं, आधी त्यांना वाचून दाखवायचं. त्या नको म्हणाल्या तर कथा परत घ्यायची. हे ठरवून टाकलं आणि मग जाणं पुढं ढकलत राहिले, कारण आजवर मी जे काही लिहिलं त्यात ही एकच कथा मला स्वतःची म्हणून हवी होती. हिच्यात मी नव्हते, म्हणूनच हवी होती. ही गेली तर मला पुन्हा त्या गल्लीतच बसवतील, खजिन्यावर.

मागच्या रविवारी नांदेडहून लातूर आणि लातूरहून मुरुड अशी गेले. एसटीत खिडकीतून सगळीकडं तेच भुरकं रान. टँकर उलट्या दिशेनं जात होते. काकू ओसरीत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. काका जाऊन चार वर्षं झाली. काकू वाळून वाकल्यात, पण आवाज तोच, शिवाराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाणारा.

"पुष्पे, लई दिवसांनी गं! बस. मॅडमला पान्याचा तांब्या दे गं," त्यांनी आत सुनेला सांगितलं. "काय पुस्तक-बिस्तक आनलंस जनू?"

"काकू, गोष्ट आणलीय. तुमच्यावरच हाय," मी म्हटलं. मुरुडला उतरलं की माझी जीभ आपोआप वळते.

"माज्यावर? मी काय केलं बाई लिवन्यासारखं?"

मी वाचायला लागले. त्या डाळ निवडत ऐकत होत्या. अधूनमधून त्यांचा हात थांबायचा. खडीचा प्रसंग आला तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब. पदर कशापायी घेतला मनतीस?"

"लाजेनं."

त्या अशा हसल्या की सुपातली डाळ हलली. "लाज कसली डोंबलाची! कपची उडत व्हती. शेजारच्या बाईच्या डोळ्यात गेली, फुटता फुटता वाचला. तवापासून समद्याच पदर घ्यायच्या."

"पण मी समोर उभी होते. तुम्ही बघितलं माझ्याकडं. ओळख दिली नाही."

"तू व्हतीस? मला न्हाई दिसलं गं. पदरातून काय दिसतंय?"

मी पान उलटलं. बंद दाराचा प्रसंग वाचला, जीव ओतून वाचला. काकूंनी सूप खाली ठेवलं.

"खिडकी कुठली लिवलीस? आमच्या माळवदाच्या घराला खिडकीच नव्हती. आन दिवसाढवळ्या दार लावून बसतंय व्हय कुनी? मयत झाल्यागत?"

"येळवस केली नव्हती ना तुम्ही त्या वर्षी..."

"कोन मनलं?"

कोण म्हणालं ते मला माहीत होतं. टोपी खुंटीला लावून म्हणाले होते.

"येळवस कुठं चुकतीय का? रान वाळलं मनून रानाला सोडून देयचं?" काकूंचा आवाज चढला. "गेलो की. कोपीला कडबा कुठला, बैलाच्या तोंडचा काढायचा का? चार काटक्या रोवल्या, वर माजं लुगडं टाकलं, झाली कोप. ताक नव्हतं, चिच्चंच्या पान्यात पीठ कालवून आंबील केली. भज्जीला नुसतं बेसन. पांडवाला निवद दाखवनार तर बैल बसला."

"बसला म्हणजे?"

"पडला गं. पाखऱ्या. लई दिस पोटभर चारा नव्हता. बसलेला बैल उठला न्हाई तर पुन्ना उठत न्हाई. मी, तुजे काका, दीर, सासू. पोटाखालून पोतं घातलं आन चौघं उचलतोय. उटला की पडतोय, उटला की पडतोय. मग मी निवदाची समदी आंबील त्याच्या तोंडात वतली. सासू वरडली, देवाची हाय गं! मनलं, देव जेवायचा ऱ्हाईल, ह्यो मरंल. दिवस मावळायला उभा ऱ्हायला. आमी तसंच उपाशी घरी आलो."

सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली होती, तिनंही हे आधी ऐकलं नसावं.

खरं तर मी तिथंच थांबायला हवं होतं. लेखिकेला हवं ते सगळं मिळालं होतं, मागून मिळालं नसतं असं. पण विचारणारी लेखिका नव्हती. फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घातलेली ती बया होती. "काकू," मी म्हटलं, "आम्ही त्या दिवशी वाट बघत होतो. मायनं चूल पेटवली नव्हती. तुम्हाला आमची आठवण आली होती का?"

मला काय ऐकायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी म्हणायचं होतं, आली गं, लई आली, पण बोलावू कुठल्या तोंडानं? या एका वाक्यावर मी त्यांना सगळं माफ करणार होते. आणि कथेतही ते घालणार होते, तेही सांगून टाकते.

काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. खरंच आठवून बघितलं त्यांनी, कपाळाला आठ्या घालून.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या दिशी तुमची याद न्हाई आली. खोटं कशाला बोलू?" आणि मग जरा वेळानं, "चूल पेटवली नव्हती? आरारा. माज्या ध्यानातच आलं न्हाई बग."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला रडू आलं, चांगलं भोकाड पसरलं मी, पन्नाशीच्या बाईनं. त्या म्हणाल्या, "रडू नगं. लिव. पन आमी गेलो व्हतो ते लिव. दार लावून बसली मनून लिवू नगंस माज्याबद्दल."

परत येताना एसटीत मी रागानं धुमसत होते. इतकी वर्षं मी त्या बाईच्या लाजेत माझ्यासाठी जागा करून ठेवली होती. तिनं मान खाली घातली ती मला बघून. तिनं दार लावलं ते मला बोलावता येत नाही म्हणून. मी म्हणत होते, ही कथा माझी नाही, दुसरीची आहे. आणि तिच्यात प्रत्येक पानावर मीच! तो मरीआईवाला लेखक बरा म्हणायचा, त्याला निदान आमच्यात स्वतःला बघायची हौस नव्हती. बाबांवरही चिडले. मग बाबांची ती टोपी आठवली आणि चिडता येईना. त्यांनाही कळलं असेल का, येळवस झाली होती ते? कळलंच असणार, लोक कचेरीत बोलत असतील. घरात मात्र ते कधी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी पाऊस झाला, सायकल आली, आणि आम्ही गेलो, काही झालंच नाही असं.

परवा संपादकांचा फोन आला. पानं कुठं अडकली? मी सांगितलं, प्रसंग बदलतेय, बंद दार काढतेय. ते हळहळले. बैलाची हकीकत ऐकून जरा शांत झाले, आणि मग त्यांना एक कल्पना सुचली. "मॅडम, वस्तीतली एक लहान मुलगी दाखवा ना. बोलावण्याची वाट बघणारी. लांबून शेताकडं बघतेय. तुमचा स्वतःचा अनुभवही येईल आणि वाचकाला भिडेलही." वाईट नाही माणूस. आणि कल्पनाही वाईट नव्हती, तेच तर! मी म्हटलं, "बघते," आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून लिहितेय. पहिल्या खेपेला ती पोरगी बांधावर येऊन उभी राहिलीच. खोडलं. दुसऱ्या खेपेला काकूंनी बैलाच्या अंगावरून नजर उचलून एकदा, फक्त एकदा, वस्तीच्या वाटेकडं बघितलं. किती लहानसं वाक्य! कुणाला खोटंही वाटलं नसतं. त्यापायी अर्धा दिवस गेला, जीव निघेना त्यातून. तेही खोडलं. तिसऱ्या खेपेला बोलावायला निघालेला दीर सायकल टाकून बैलाकडं पळाला. म्हणजे बोलावणं निघालं तरी होतं! अगं पुष्पे, पुरे की आता, मी मोठ्यानं म्हणाले आणि तेही फाडलं.

आज पहाटे उठून चौथ्यांदा बसले. चार माणसं, एक बैल, काटक्यांवर टाकलेलं लुगडं. काकूंनी पोतं पोटाखालून ओढून घेतलं, खांदा दिला. मीही दिला. उठला की पडतोय, उठला की पडतोय. आंबील ओतली, सासू ओरडली, ओरडू दिलं. बांधावर कुणी नव्हतं, आणि वाटेकडं कुणी बघितलं नाही. दिवस मावळायला बैल उभा राहिला तोवर मला माझी एकदासुद्धा आठवण आली नव्हती.